सातपुड्यातलं म्हातारपण आणि मेंदूवरचा भार

आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई, आश्रमशाळांचे शिक्षक, डॉक्टर, परिचारिका आणि पाड्यापाड्यांवरून चालत आलेल्या आजी-आजोबांनो,

आदिवासी आरोग्याची परिषद म्हटली की बाळंतपण, कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश हे विषय येतात. यायलाच हवेत. मोलगी, धडगाव, अक्कलकुवा भागात ती कामं संपलेली नाहीत. पण अध्यक्ष म्हणून मिळालेला हा वेळ मी अशा विषयाला देणार आहे, जो आपल्या रजिस्टरात क्वचितच चढतो. म्हातारपणी माणसाची आठवण का जाते, आणि काही समाजांत ती लवकर का जाते?

अमेरिकेत काळ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दुप्पट आढळतं. हे वंशाचं, रक्ताचं आहे असं मानणारे पुष्कळ होते. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ मध्ये, काळ्या आयांच्या आणि त्यांच्या बाळांच्या आरोग्याचा अभ्यास करताना, वेगळं मांडलं. अपमान, तंगी आणि उद्याची धास्ती रोज सोसणारं शरीर वयाच्या आधी झिजतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी ही झीज शरीरात कशी साठत जाते ते मांडलं आणि तिला भार म्हटलं. संकट आलं की कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक वाढतं, हृदय जोरात चालतं, आणि ते उपयोगाचंच असतं. संकट टळलं की सगळं पुन्हा जागेवर येतं. पण संकट टळतच नसेल तर? मग रक्तदाब चढाच राहतो, साखर बिघडते, आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागालाही त्याची झळ पोचते. जू उतरवलंच नाही तर बैलाची मान सोलवटते, तसं हे आहे.

आता मला तुमच्यापुढे दोन आदिवासी समाज ठेवायचे आहेत. बोलिव्हियात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात चिमाने लोक राहतात. शेती, शिकार, मासेमारी करतात. पैसा नाही, शाळा थोड्या, जंत आणि ताप भरपूर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढच्या चिमान्यांत स्मृतिभ्रंश जेमतेम एक टक्का निघाला. दुसरा समाज ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातला. तिथल्या मूलनिवासींच्या पाहणीत, २००८ मध्ये, पासष्टीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आढळला. न्यू साउथ वेल्समधल्या मूलनिवासींच्या अभ्यासानं तर बालपणी भोगलेले आघात आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश यांचा संबंधही दाखवून दिला.

दोन्ही समाज मूळचे रहिवासी, दोन्ही गरीब. मग एवढा फरक कशानं? आहार, हालचाल, डोक्याला झालेल्या इजा, तंबाखू, अशी कारणं अनेक आहेत आणि मी ती झाकत नाही. पण एकाची जमीन, नदी, बोली आणि मुलं त्याच्याजवळ राहिली. दुसऱ्याची जमीन गेली, आणि सरकारनं मुलं आईच्या कुशीतून उचलून नेली. आदिवासी असणं हा आजार नाही. आदिवासी माणसाला जे सोसायला लावलं जातं, त्यातून आजार येतो. माझ्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

इथून नर्मदा दूर नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत पहिलं. जे उठले ते सोमावलला, वडछीलला, सपाटीवर वसवले गेले. ज्यानं उभं आयुष्य डोंगरउतारावरच्या विखुरलेल्या पाड्यात काढलं, त्याला एकदम सरळ रेघेत आखलेल्या प्लॉटवर घर मिळालं. कुठल्या वळणावर कुठला मोह, कुठल्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी, कुठे देव, कुठे पूर्वजांची जागा, हे सगळं ज्या म्हाताऱ्याला डोळे मिटून सांगता येत होतं, त्याच्या त्या ज्ञानाचा आधारच पाण्याखाली गेला. आणि जे उठले नाहीत त्यांनी वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात पाणी किती चढतं याची धास्ती घेतली. मॅकइवेन आणि स्टेलर यांनी ज्याला भार म्हटलं, तो याहून वेगळा काय असेल?

विस्थापन नाही तिथे स्थलांतर आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गुजरातच्या उसाकडे निघतात आणि होळीला परततात. मधले महिने पाड्यावर म्हातारी आणि नातवंडं. रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस कोयता घेऊन बारडोलीकडे गेला की ती गोळी तुटते. चढा रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरत राहतो, आणि वीस वर्षांनी आपण म्हणतो, बाबाला भूल पडायला लागली.

रक्ताचा इथे काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. सिकलसेल रक्तातूनच येतो, आणि कधी कधी तो मेंदूत नकळत लहान लहान झटके घडवतो. पण त्या मुलाला हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळते की नाही, हे रस्त्यावर आणि दवाखान्यावर ठरतं. चुलीचा धूर, दारू, तंबाखू यांनाही मी सूट देत नाही. परंपरा आपोआप मेंदू वाचवत नाही.

तरीही इथे वाचवणारं पुष्कळ आहे, आणि ते तुम्हीच निर्माण केलेलं आहे. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता. कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. मोलगीच्या बाजारात आमचूर विकणारी म्हातारी घरी वसावी बोलते, शेजारच्या पाड्याशी पावरी, व्यापाऱ्याशी गुजराती आणि कंडक्टरशी मराठी. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्याची ६४. त्या आकड्यात ही म्हातारी निरक्षर म्हणून मोजली जाते. तिच्या चार बोली कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

वाचवणारी दुसरी गोष्ट म्हणजे मान. काठीच्या राजवाडी होळीला बावा-बुध्या होऊन नाचणारे पाळणूक, म्हणजे होळीचं व्रत, पाळतात, आणि तिचे नियम वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. म्हाताऱ्याला कुणीतरी काहीतरी विचारायला येतं, यात औषधाचं बळ आहे. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यांत एकटेपणा आहे, कमी ऐकू येणं आहे, आणि उपचार न झालेली अंधुक नजरही आहे.

आता मोजण्याबद्दल. एका पाड्यावर मी पाहिलेलं सांगतो. तरुण डॉक्टरनं ठरावीक कागदावरचे प्रश्न मराठीत एका आजीला विचारले. तारीख कोणती, जिल्हा कोणता, शंभरातून सात गेले किती. आजी गप्प. कागदानुसार तिची स्मृती पार गेलेली. मग सोबतच्या आशाताईनं वसावीत विचारलं, भगर कोणत्या उतारावर पेरली, धाकट्याच्या लग्नात कुणी किती दिलं. आजीनं एकेक घर नावानिशी सांगितलं, आणि एका घरानं अजून परत केलेलं नाही तेही. देशात साठीपुढच्या १०० पैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे. त्या मोजणीत सातपुडा नीट यायचा असेल तर प्रश्न बदलले पाहिजेत. हरियाणात बल्लभगढला निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत चाचणी बेतली गेली. किम्बर्लीत तिथल्या लोकांसाठी वेगळी चाचणी झाली, तीत कंगवा, आगपेटी, प्याला अशा ओळखीच्या वस्तू दाखवून विचारतात. आपल्याला वसावी आणि पावरीतली चाचणी हवी, आणि ती इथल्या ताईंनी, इथल्या म्हाताऱ्यांसोबत बसून तयार करावी.

त्याच्याच जोडीला या परिषदेच्या ठरावात आणखी तीन गोष्टी असाव्यात. उसाला जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणि एक कार्ड मिळावं. मोतीबिंदू आणि ऐकण्याची तपासणी बाजाराच्या दिवशी मोलगीतच व्हावी. आणि पुनर्वसनाच्या गावांतल्या वृद्धांची वेगळी नोंद राहावी, कारण त्यांनी जे गमावलं त्याचा हिशोब घर आणि जमीन देऊन पुरा झालेला नाही.

ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल. तो आधी वसावीत आणि पावरीत वाचला जावा, मराठीत त्यानंतर, आणि दुरुस्त्या सुचवण्याचा पहिला हक्क पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांचा असावा, अशी माझी अध्यक्ष म्हणून सूचना आहे.