मोडतं ते हाड नव्हे

आजचा विषय जरा संकोचाचा आहे, पण संकोचापायीच यात रुग्णाचं नुकसान होतं. पुरुषाच्या लिंगात हाड नसतं, तरी डॉक्टर 'पेनाइल फ्रॅक्चर' म्हणतात. आत ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं चिवट आवरण असतं. एरवी ते सुमारे 2 मिलिमीटर जाड. ताठरतेत ताणून अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतं. अशा वेळी संबंधात जोराचा धक्का बसला, की ते फाटतं. 'कट्' असा आवाज, ताठरता लगेच ओसरते आणि थोड्याच वेळात सूज येऊन रंग वांग्यासारखा जांभळा! इराणच्या केरमानशाह भागात बोटं मोडावीत तसं ताठरलेलं लिंग हाताने वाकवायची सवय आढळते. तिथे अशा रुग्णांची कमतरता नाही.

पूर्वी बर्फ, घट्ट पट्टी, सूज उतरवणारी औषधं आणि विश्रांती एवढ्यावर भागवत. जखम भरतेही, पण वण राहून लिंग वाकडं होणं, ताठरतेला अडचण येणं हे त्यात जास्त दिसतं. म्हणून आज युरॉलॉजिस्टचा कल स्पष्टपणे शस्त्रक्रियेकडे आहे: साकळलेलं रक्त काढायचं, फाटलेली जागा विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवायची. आवरण शाबूत असून नुसती वरवरची शीर फुटली असेल, तर मात्र टाके लागत नाहीत.

लघवीतून रक्त आलं किंवा लघवी अडली, तर मूत्रनलिकाही फाटलेली असू शकते. मग सकाळची वाट बघू नका, रात्रीच इस्पितळ गाठा. आणि काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगा. 'पलंगावरून पडलो' ही सबब त्यांनी खूपदा ऐकलेली असते.