न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रांची साक्ष



भौतिकविज्ञानाच्या या संमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो बहुमान केलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि ज्या विषयाच्या चिंतनात माझे आयुष्य गेले, त्या न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रांविषयी चार विचार आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा मागतो.

१९४९ साली मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे कवचरचनेचा जो सिद्धान्त मांडला, त्याने २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या जादुई संख्यांचा उलगडा झाला, आणि १९६३ च्या नोबेल पारितोषिकाने त्याचा यथोचित गौरवही झाला. परंतु ज्या पुराव्यावर तो उभा होता, तो बहुतांशी स्थिर अणुकेंद्रांचा होता; जेथे न्यूट्रॉनांची संख्या प्रोटॉनांच्या मानाने अतोनात वाढते आणि अणुकेंद्राचे आयुष्य सेकंदाच्या अल्पांशात सरते, त्या सरहद्दीच्या मुलखातही याच संख्यांचा अंमल चालत असेल, असे मानण्यास प्रत्यक्षाचा आधार नव्हता.

तो आधार शोधण्याचे प्रमुख साधन म्हणजे गॅमा किरणांचा वर्णपट. उत्तेजित अणुकेंद्र खालच्या अवस्थेत उतरताना जो किरण सोडते, त्याची ऊर्जा म्हणजे त्या दोन अवस्थांमधील अंतर. कवच पूर्ण भरलेले असेल तर सम-सम अणुकेंद्राची पहिली उत्तेजित अवस्था सामान्यतः बरीच उंच असते, आणि अणुकेंद्र लांबट झालेले असेल तर ती खाली येते.

मॅग्नेशियम-३२ मध्ये वीस न्यूट्रॉन आहेत. वीस ही जादुई संख्या, म्हणजे न्यूट्रॉनांचे कवच पूर्ण; तेव्हा त्याची पहिली उत्तेजित अवस्था उंच असावयास हवी होती. परंतु जिनीव्हाजवळील सर्न येथे सोडियम-३२ च्या बीटा क्षयातून जी रेषा हाती आली, ती अवघ्या ८८५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची होती, आणि दोन न्यूट्रॉन कमी असलेल्या मॅग्नेशियम-३० मध्ये मात्र तीच ऊर्जा १४८२ आहे. प्रोटॉन कमी झाले की त्यांचे विशिष्ट न्यूट्रॉनकक्षांवरील आकर्षण क्षीण होते, वीसच्या पुढील दरी अरुंद होते, आणि ती ओलांडून वरच्या कक्षांत गेलेले न्यूट्रॉन अणुकेंद्राला लांबट आकार देऊन अधिक बंधनऊर्जा मिळवून देतात. उलट, २०१३ साली जपानमधील रिकेन येथे चौतीस न्यूट्रॉनांच्या कॅल्शियम-५४ ची पहिली उत्तेजित अवस्था सुमारे २०४३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आढळली, आणि स्थिर अणुकेंद्रांच्या यादीत जिला स्थान नव्हते अशी एक जादुई संख्या उदयास आली.

यावरून माझे निवेदन इतकेच, की जादुई संख्या हे अणुकेंद्राचे सनातन शासन नव्हे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या परस्परसंबंधातून ते घडते आणि त्या संबंधाबरोबर पालटते. कायदा खोटा ठरला नाही, त्याची हद्द आपल्याला कळली. आणि विज्ञानात हद्द कळणे हीच खरी प्रगती होय.

आपल्या देशात गॅमा किरण टिपणाऱ्या क्लोव्हर शोधकांचा राष्ट्रीय संच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने उभा राहतो, आणि अनेक विद्यापीठांचे अभ्यासक तो एकत्र वापरतात. या सहकार्याची परंपरा तरुणांनी पुढे चालवावी. वर्णपटातील जी रेषा कोष्टकात बसत नाही, तिला दोष म्हणून घाईने वगळू नये. तिची पार्श्वभूमी तपासावी, सहघटित किरणांशी तिचा मेळ घालून पाहावा, आणि त्या कसोटीला ती उतरली तर कोष्टकच नव्याने लिहिण्याचे धैर्य दाखवावे, अशी आपणा सर्वांना माझी आग्रहाची विनंती आहे.