पहाटेचा ताज, जाणकारासोबत
आग्र्याला गेलात तर ताजमहाल पहाटेच गाठा. शुक्रवार सोडून रोज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दरवाजे उघडतात. गाईड करताना पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र पाहा, पैसे आधीच ठरवा. चांगला गाईड नुसत्या फोटोच्या जागा दाखवत नाही. तो तुम्हाला भिंतीजवळ नेतो, जडावाच्या फुलातल्या लाल अकीकावर बॅटरीचा झोत धरतो आणि पाकळी निखाऱ्यासारखी पेटते! राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवरही उजेड आत झिरपू देतो. कोवळ्या उन्हात घुमट गुलाबी दिसतो. कमानीवरची सुलेखनकार अमानत खानाची अक्षरंही निरखून पाहा. खालून सारखी दिसावीत म्हणून वरची मोठी घडवली आहेत. केवढा हा विचार, तोही १६३२ साली सुरू झालेल्या बांधकामात! डिसेंबर-जानेवारीत मात्र दाट धुकं असतं. तेव्हा थोडं उशिरा निघा.