माजी सैनिकाचे औषधपाणी आणि घरची बाई



पुलगावच्या डेपोमुळे आपल्या जिल्ह्याला फौजेची ओळख आहे. पेन्शनीवर परतलेले सैनिकही गावोगाव आहेत. त्यांचे औषधपाणी सरकारने जन्मभर फुकट करावयास हवे, असे आपण सहज म्हणतो. कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न माजी सैनिकांच्या संघटनांनीच सर्वोच्च न्यायालयात नेला. २२ ऑगस्ट २००६ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकारने वर्गणी मागितली म्हणून हक्क बुडत नाही, असेही सांगितले. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांची वर्गणी मात्र माफ करावी किंवा सरकारनेच भरावी, असा आदेश दिला.

ही वर्गणी १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेची. ती एकदाच भरावयाची असते. २०१७ च्या डिसेंबरात हवालदारापर्यंतच्या सैनिकांसाठी ती ३०,००० रुपये ठरली. युद्धात पती गमावलेल्या भगिनींना ती माफ आहे. म्हणजे हा हक्क खराच, पण तो सभासदाचा. कार्ड नसेल तर दवाखान्याच्या दारात निकालपत्र कामास येत नाही.

२००३ नंतर निवृत्त झालेल्यांना सभासद होणे सक्तीचे आहे. त्याआधीच्यांना ते ऐच्छिक होते. “मला काय धाड भरली आहे?” म्हणून कित्येक घरी अर्ज राहून जातो, आणि पुढे भोगावे लागते घरच्या बाईला. कारण योजना एकट्या सैनिकाची नाही. पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील तिच्यात येतात. कुटुंबपेन्शन घेणारी विधवाही येते.

म्हणून चार गोष्टी कराव्या. पेन्शनच्या कागदावर आपले नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, ते आजच पाहावे. चूक असेल तर पती हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे आधी विचारावे. आणीबाणीत यादीबाहेर जावे लागल्यास ४८ तासांच्या आत योजनेच्या जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे.

अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सोबतीला मंडळातील एखादी लिहिती-वाचती भगिनी न्यावी. शेजारणीचा एक अर्ज पुरा करून देणे, हेही मंडळाचेच कार्य नव्हे काय?