१३२ मोठे की १३५? माँट्रियल कॅनेडियन्स आणि रेकॉर्ड वाचायची पद्धत

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे अख्खा एपिसोड इथे लिहून दिला आहे.

आजचा विषय आइस हॉकी. एकही मॅच पाहिली नसेल तरी टेन्शन घेऊ नका. आज आपण खेळापेक्षा आकड्यांबद्दल जास्त बोलणार आहोत. मी दिवसभर ऑफिसात डेटाशीच झटापट करत असतो. त्यामुळे कुणी "ऑल टाइम रेकॉर्ड मोडलं" असं म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो: मोजलं कसं?

हा प्रश्न विचारायला माँट्रियल कॅनेडियन्ससारखी दुसरी टीम नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली ही टीम ४ डिसेंबर १९०९ ला सुरू झाली. ती ज्या एनएचएल लीगमध्ये खेळते, ती लीग सुरू झाली १९१७ साली. म्हणजे टीमचं वय लीगपेक्षा जास्त! नावावर २४ स्टॅन्ली कप. इतके दुसऱ्या कुठल्याच टीमकडे नाहीत.

आधी खेळ थोडक्यात. प्रत्येक बाजूला गोलकीपर धरून ६ खेळाडू, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. २० मिनिटांचे ३ पीरियड. जिंकलात तर २ पॉइंट. सीझन संपला की पॉइंट मोजायचे, वरच्या टीम प्लेऑफमध्ये, आणि प्लेऑफ जिंकणाऱ्याला कप. एवढं पुरे.

आता मुद्द्यावर येऊ. १९७६-७७ च्या सीझनमध्ये स्कॉटी बोमन कोच असलेल्या कॅनेडियन्सने ८० मॅच खेळल्या. ६० जिंकल्या, १२ बरोबरीत सुटल्या आणि फक्त ८ हरल्या. घरच्या ४० मॅचपैकी तर एकच हरले. एकूण पॉइंट १३२. पुढची ४० हून जास्त वर्षं हा आकडा कुणाच्या हाताला लागला नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सने १३५ पॉइंट केले. हेडलाइन तयार: कॅनेडियन्सचं रेकॉर्ड मोडलं.

मोडलं का? आकडा म्हणून मोडलं, यात वाद नाही. पण दोन्ही सीझन शीटमध्ये शेजारी शेजारी ठेवले की गंमत दिसते. बॉस्टन ८२ मॅच खेळलं. मिळू शकणाऱ्या १६४ पॉइंटपैकी १३५, म्हणजे ८२.३ टक्के. कॅनेडियन्सचे १६० पैकी १३२, म्हणजे ८२.५ टक्के. टक्केवारीत जुनी टीमच किंचित पुढे आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९७६-७७ मध्ये बरोबरी झाली की विषय संपला, दोघांना १-१ पॉइंट. आता २००५ पासून बरोबरी हा प्रकारच नाही. आधी ओव्हरटाइम, तरी निकाल नाही लागला तर शूटआउट. जिंकणाऱ्याला २ आणि तिथे हरणाऱ्यालाही १ पॉइंट. म्हणजे कॅनेडियन्सच्या त्या १२ बरोबरीच्या मॅच आजच्या नियमाने मोजल्या, तर १२ पॉइंट त्यांच्या खिशातच राहतात आणि जितक्या जिंकतील तितका एकेक वाढतो. हिशोब १३२ ते १४४ च्या मध्ये कुठेतरी जातो, तोही २ मॅच कमी खेळून.

अर्थात हा हिशोबही शंभर टक्के खरा नाही. बरोबरीचा १ पॉइंट मिळणार हे माहीत असलं, की टीम शेवटची ५ मिनिटं सांभाळून खेळते. नियम बदलला की खेळणाऱ्याचं डोकंही बदलतं. फोनच्या बेंचमार्क ॲपचं नवं व्हर्जन आलं, की जुन्या फोनचा जुना स्कोअर आणि नव्या फोनचा नवा स्कोअर थेट लावून चालत नाही ना? तसंच हे.

आणि शेवट काय झाला? १९७७ मध्ये कॅनेडियन्सने प्लेऑफच्या १४ पैकी १२ मॅच जिंकून कप उचलला. फायनलला समोर बॉस्टनच होतं, ४-० ने साफ. २०२३ चं बॉस्टन पहिल्याच राउंडमध्ये फ्लोरिडाविरुद्ध ३-१ ने पुढे असताना ४-३ ने हरून घरी गेलं.

आता याहून विचित्र रेकॉर्ड बघा. १९२८-२९ मध्ये कॅनेडियन्सचा गोलकीपर जॉर्ज हेन्सवर्थने ४४ मॅचपैकी २२ मध्ये एकही गोल खाल्ला नाही. याला शटआउट म्हणतात, फुटबॉलमधल्या क्लीन शीटसारखं. अख्ख्या सीझनमध्ये त्याने फक्त ४३ गोल दिले. एका सीझनमध्ये २२ शटआउट हे रेकॉर्ड जवळजवळ शंभर वर्षं टिकून आहे.

भिंतच होता का तो? चांगला होताच. पण त्या काळी समोरच्या टीमच्या झोनमध्ये शिरल्यावर पक पुढच्या दिशेने पास करायला परवानगी नव्हती. हल्ला करायचा तर पक स्वतः घेऊन घुसायचं किंवा मागे पास द्यायचा. साहजिकच गोल होणं अवघड. पुढच्याच सीझनला लीगने तिन्ही झोनमध्ये पुढे पास देण्याची मुभा दिली आणि लीगमधले गोल जवळजवळ दुप्पट झाले. खेळाडू गोलसमोर जाऊन उभेच राहायला लागले, म्हणून डिसेंबर १९२९ मध्ये घाईघाईने ऑफसाइडचा नियम आणावा लागला. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर पॅच मारावा तसं!

त्या सीझनला हेन्सवर्थचे शटआउट किती? ४. माणूस तोच, टीम तीच, २२ वरून थेट ४ वर. नुसता स्टॅट्सचा तक्ता बघणारा म्हणेल, फॉर्म गेला. पण २२ शटआउटवाल्या वर्षी कॅनेडियन्स प्लेऑफमध्ये बॉस्टनकडून ३-० ने हरले होते. ४ शटआउटच्या वर्षी, १९३० मध्ये, त्यांनी कप जिंकला. तोही कुणाला हरवून? ज्या बॉस्टनने सीझनमध्ये ४४ पैकी फक्त ५ मॅच हरल्या होत्या आणि ८७.५ टक्के पॉइंट मिळवले होते, त्यांना सलग २ मॅचमध्ये!

हे झालं नियमांचं. आता माणसांचं. मॉरिस रिचर्ड, टोपणनाव 'रॉकेट'. १९४४-४५ मध्ये त्याने ५० मॅचमध्ये ५० गोल केले. त्याआधी सीझनमधल्या सर्वाधिक गोलांचं रेकॉर्ड कॅनेडियन्सच्याच जो मलोनचं होतं, १९१७-१८ मधले ४४ गोल, फक्त २० मॅचमध्ये. रिचर्डवर तेव्हा टीका झाली, की अर्धे चांगले खेळाडू महायुद्धावर गेलेत, हे गोल स्वस्तातले आहेत.

ही शंका रास्त होती, आणि ती तपासताही येते. युद्ध संपलं, खेळाडू परत आले, १९४९ पासून सीझन ७० मॅचचा झाला. तरी सीझनमध्ये पुन्हा ५० गोल व्हायला १९६१ उजाडलं. तेही बर्नी जेफ्रियनने केले, याच टीमच्या, आणि ६४ मॅच खेळून. ५० मॅचमध्ये ५० गोल पुन्हा करायला तर १९८१ साली माइक बॉसी यावा लागला. म्हणजे रिचर्डचे गोल स्वस्त नव्हते.

याच दोघांची एक गोष्ट सांगतो. क्युबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण मोठे उद्योग आणि सत्तेच्या जागा बऱ्याचशा इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. फ्रेंच भाषिकांसाठी रिचर्ड हा आपला माणूस होता. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनच्या मॅचमध्ये त्याने एका पंचाला मारलं. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेला सीझन आणि प्लेऑफमधून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, कॅम्पबेल माँट्रियलमध्ये मॅच बघायला आले. लोक भडकले, स्टेडियममध्ये अश्रुधूर फुटला, बाहेर दुकानं फुटली. शेवटी रिचर्डला रेडिओवर शांततेचं आवाहन करावं लागलं.

रिचर्ड तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक पॉइंटवर होता. हे खेळाडूचे वैयक्तिक पॉइंट, गोल आणि असिस्ट मिळून. तो बाहेर बसल्यावर जेफ्रियन पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४. स्वतःच्याच टीमचा, स्वतःच्याच भाषेचा खेळाडू, तरी घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. रिचर्डला ते विजेतेपद कारकिर्दीत कधीच मिळालं नाही. तक्त्यात १९५५ समोर जेफ्रियनचं नाव आहे आणि ते बरोबरच आहे. पण तो एक पॉइंट कसा आला, हे तक्ता सांगत नाही.

मग त्या २४ कपांचं काय? हाच प्रश्न तिथेही लावू. पहिला कप १९१६ चा, तेव्हा एनएचएल जन्मालाही आली नव्हती. १९४२ ते १९६७ लीगमध्ये फक्त ६ टीम होत्या, त्या काळातले १०. त्यातच १९५६ ते १९६० असे सलग ५ आहेत. विरोधक म्हणतात, ६ टीममध्ये जिंकणं सोपं होतं. आज ३२ टीम आहेत, तेव्हा मुद्द्यात दम आहे. पण लीग वाढल्यानंतरही याच टीमने आणखी १० जिंकलेत, त्यात १९७६ ते १९७९ सलग ४. शेवटचा १९९३ चा, लीगमध्ये २४ टीम असताना. त्या प्लेऑफमध्ये त्यांनी ओव्हरटाइमच्या सलग १० मॅच जिंकल्या. त्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडाच्या एकाही टीमला कप मिळालेला नाही.

म्हणून माझं उत्तर असं. १३५ हा मोठा आकडा आहे, १९७६-७७ ची कॅनेडियन्स ही मोठी टीम आहे, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पुढच्या वेळी रील्सवर कुठल्याही खेळाचं "रेकॉर्ड मोडलं" दिसलं, तर शेअर करायच्या आधी तीन गोष्टी बघा: किती मॅचमध्ये, कुठल्या नियमाने, आणि समोर कोण होतं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि बऱ्याचदा खरी गोष्ट त्या दोन मिनिटांतच सापडते.

तुमच्या आवडत्या खेळातलं असं एखादं रेकॉर्ड असेल, जे नियम बदलल्यामुळे वेगळं दिसतं, तर मला नक्की पाठवा. त्यावर एक एपिसोड करू. चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!