पेशींचे कूळ आणि खुणा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नेहरू नगर, भिलाई येथे दिलेले व्याख्यान)



पोलादाच्या या नगरीत एक गोष्ट निराळी सांगावयास नको. रंगरूपाने सारख्या दिसणाऱ्या दोन कांबींची जात प्रयोगशाळेत पारखल्यावाचून कळत नाही. देहातील गाठींचेही तसेच आहे. मात्र तेथे पारख चुकली, तर तिचे मोल रुग्णाला द्यावे लागते.

१९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. त्या काळी विकृतितज्ज्ञाची सारी भिस्त सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या आकारावर असे. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडून दाखविला. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड उतीच्या पातळ कापावर सोडावे आणि जेथे ते चिकटेल तेथे रंग उमटावा, हे या परीक्षेचे तत्त्व होय. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधली. पुढे ही परीक्षा रुग्णालयांत रुळली.

मूत्राशयातील बहुतेक कर्करोग त्याच्या अस्तरातून उद्भवतात. पण काही विरळ गाठी त्यांचे सोंग घेतात. ‘नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा’ ही त्यांपैकी एक निरुपद्रवी वाढ. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून २००२ साली असे दिसले की, या वाढीतील पेशी दात्याच्या मूत्रपिंडातून सुटून, मूत्राबरोबर वाहत येऊन मूत्राशयात रुजल्या होत्या. परठिकाणी रुजूनही त्या मूत्रपिंडाची ‘पॅक्स-८’ ही खूण बाळगून असतात. अस्तराच्या कर्करोगात ती सहसा आढळत नाही. दूरदेशी राहूनही कूळ न विसरणाऱ्या आपणांस याचे नवल वाटू नये!

दुसरी गाठ अधिक फसवी आहे. ‘पॅरागँग्लिओमा’ ही मूत्राशयाच्या भिंतीतील मज्जासंस्थेशी निगडित पेशींतून उद्भवते. लघवी करताना वा केल्यावर डोके ठणकणे, छाती धडधडणे, रक्तदाब एकाएकी चढणे ही तिची लक्षणे. अस्तराच्या कर्करोगाची म्हणून ओळखली जाणारी ‘गाटा-३’ ही खूण हिच्यातही उमटते. तेवढ्यावर विसंबणारा फसलाच! क्रोमोग्रॅनिन व सिनॅप्टोफायसिन यांचा रंग उमटतो आणि केराटिनचा उमटत नाही, तेव्हा खरे कूळ कळते. स्नायूत शिरलेल्या कर्करोगासाठी पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. या गाठीसाठी अनेकदा त्याचा काही भाग काढणे पुरते. परंतु आधी औषधांनी रक्तदाब आवरला नाही, तर शस्त्रक्रियेच्या वेळी तो प्राणघातक ठरू शकतो.

तात्पर्य, एकच खूण पुरेशी नसते. खुणांचा मेळ आणि रुग्णाची हकीकत यांची सांगड घालावी लागते. म्हणून लघवीवाटे रक्त गेले, तर ते वेदनारहित असले तरी दुर्लक्षू नका. डॉक्टरांना सर्व तक्रारी मोकळेपणाने सांगा. दुसऱ्या मतासाठी रायपूर, नागपूर वा मुंबईस जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणात बसविलेला उतीचा ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही मागून घ्या. कागदावर केवळ मत असते. पुरावा त्या ठोकळ्यात असतो, आणि त्याची पारख पुन्हा करता येते.