रुग्णशय्येजवळचे अवधान : सेप्सिसची वेळीच ओळख
(भाषणाचा मजकूर)



‘जखम सेप्टिक झाली’ हा शब्दप्रयोग घराघरांत परिचित आहे. जखमेत पू झाला, एवढाच त्याचा लौकिक अर्थ. वैद्यकशास्त्रातील ‘सेप्सिस’ ही अवस्था मात्र याहून निराळी आणि कितीतरी भयंकर आहे. फुप्फुस, मूत्रमार्ग, पोट, त्वचा अथवा शस्त्रक्रियेची जखम, यांपैकी कोठेही जंतुसंसर्ग झाला असता शरीर त्याचा प्रतिकार करते. हा प्रतिकारच बेताल होऊन मूत्रपिंड, हृदय, मेंदू अशा स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो आणि प्राणावर बेतते, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस म्हणावे, अशी व्याख्या 2016 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केली. 2017 या एकाच वर्षी जगात सुमारे 4 कोटी 89 लक्ष जणांना सेप्सिस झाला व त्याच्याशी निगडित मृत्यू 1 कोटी 10 लक्ष होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2020 साली प्रसिद्ध केला.

एवढा घातक विकार ओळखणे अवघड का व्हावे? कारण त्याचे असे स्वतंत्र लक्षण नाही. ताप, धाप, जलद नाडी, ग्लानी ही लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसतात. आणि होय किंवा नाही असे निश्चित उत्तर देणारी एकही रक्ततपासणी नाही.

न्यूयॉर्कमधील रोरी स्टाँटन या 12 वर्षांच्या मुलाची हकिगत या संदर्भात सर्वत्र सांगितली जाते. 2012 साली शाळेत खेळताना त्याच्या हाताला खरचटले. पुढे ताप आला, उलट्या झाल्या, पाय दुखू लागला. रुग्णालयात पोटाचा बिघाड समजून त्याला घरी पाठविण्यात आले. त्यानंतर हाती आलेल्या रक्ततपासणीत गंभीर संसर्गाची सूचना होती. ती कुटुंबापर्यंत पोहोचली नाही. 1 एप्रिल 2012 रोजी मुलगा दगावला. त्याच्या मातापित्यांनी दुःख गिळून प्रयत्न केले आणि 2013 साली न्यूयॉर्क राज्याने सर्व रुग्णालयांस सेप्सिस लवकर ओळखण्याची व उपचारांची निश्चित पद्धत बंधनकारक केली. हे नियम त्या मुलाच्याच नावाने ओळखले जातात.

अशा पद्धतीचा पाया म्हणजे चाळणी परीक्षा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली तयार केलेले व 2017 साली सुधारलेले कोष्टक त्यासाठी उपयोगी पडते. श्वसन, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान या सहा गोष्टी ठराविक वेळाने मोजून प्रत्येकीस गुण द्यावयाचे असतात. समजा, एखाद्या रुग्णाचा श्वास मिनिटास 22, नाडी 112 आणि ताप 101 अंश फॅरनहाइट आहे. बाकी सर्व ठीक. एकेक आकडा पाहता कोणी घाबरणार नाही. परंतु श्वासाचे 2, नाडीचे 2 व तापाचा 1 मिळून 5 गुण होतात, आणि 5 गुण होताच डॉक्टरांनी तातडीने तपासले पाहिजे, असा दंडक आहे. 7 गुण म्हणजे आणीबाणी. रुग्ण नव्याने गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर त्या एकाच गोष्टीचे 3 गुण धरतात. हे कोष्टक 16 वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे; बालके व गर्भवती यांच्यासाठी निराळ्या कसोट्या लागतात.

चाळणीची छिद्रे किती मोठी असावीत, हा प्रश्न तेथेही आहेच. 1991 सालची कसोटी इतकी बारीक होती की, किरकोळ संसर्गाचे कित्येक रुग्णही तिच्यात अडकत. 2016 साली पुढे आलेली तीन लक्षणांची कसोटी सुटसुटीत खरी, पण तिच्यातून अनेक खरे रुग्ण निसटतात. म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये, असे 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. त्याच सूचनांनुसार सेप्सिसची दाट शक्यता असल्यास किंवा रक्तदाब कोसळला असल्यास प्रतिजैविक एका तासात द्यावे. शंका असून रक्तदाब टिकून असल्यास त्वरित तपास करावा आणि शंका कायम राहिल्यास तीन तासांच्या आत द्यावे. सरसकट औषधे दिल्याने जंतू निर्ढावतात, हेही विसरून चालत नाही. न्यूयॉर्कमधील 149 रुग्णालयांतील 49,331 रुग्णांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. विलंबाच्या प्रत्येक तासागणिक मृत्यूचा धोका वाढत गेल्याचे त्यात आढळले.

कोष्टक मोजते ते आकडे. माणूस कालपेक्षा आज बदलला आहे, हे आप्तांच्या आधी ध्यानात येते. वृद्धांना सेप्सिसमध्ये पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी जलद होत नाही, आणि तापाच्या गोळीने ताप झाकला जातो. म्हणून उशाशी बसणाऱ्याने पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे : बोलण्यात असंबद्धता किंवा अवेळी गुंगी, वाढलेली धाप, घटलेली लघवी, हातापायांचा गारठा, कातडीवर उमटलेली निळसर जाळी आणि सोसवेना अशी वेदना. यांपैकी काही दिसताच परिचारिकेस सांगावे आणि ‘हा सेप्सिस तर नव्हे ना?’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे. घरी पाठविताना कोणत्या तपासण्यांचे निष्कर्ष यावयाचे आहेत, ते कोण व केव्हा कळविणार, हेही विचारून घ्यावे.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. आपल्याकडे थोरामोठ्यांस प्रश्न विचारण्याचा संकोच असतो. रुग्णालयात तो बाजूस ठेवावा. परिचारिकेने घेतलेली नोंद आणि आप्ताने सांगितलेला बदल हे दोन्ही डॉक्टरांच्या कानी वेळेवर पडले, तर निदानास लागणारे मोलाचे तास वाचतात.